नाल, जोडी आणि जोर: प्रस्तावना

ज्या प्रदेशात माणसाला उभा जन्म अंगमेहनत करावी लागते, त्या प्रदेशातील लोकांपुढे बलसंवर्धनाचे पुस्तक ठेवणे हे कित्येकांना अगोचरपणाचे वाटेल, याची मला जाणीव आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणारा गाबीत मच्छीमार, खाणीतून जांभ्याचे चिरे काढून ते गाडीत चढवणारा मजूर, एकामागून एक माड चढून नारळ उतरवणारा माणूस, आणि भर पावसात गुडघाभर चिखलात वाकून भाताचा तरवा लावणारी बाई, यांपैकी कोणाच्याही अंगी बळाची वाण नाही. आणि तरीही यांतील बहुतेकांची पाठ पन्नाशीच्या आधीच धरते, गुडघे कुरकुरू लागतात, खांदा वर जाईनासा होतो, आणि ज्या देहाने तीस वर्षे अवजड ओझी वाहिली तो देह घडीव, भरदार असा कधी दिसलेलाच नसतो. असे का व्हावे, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या जुन्या तालमींतल्या वस्तादांना पुरेपूर ठाऊक होते, अशी माझी खात्री झाल्यामुळेच हे लेखन मी हाती घेतले.

रापणीचेच उदाहरण घेऊ. होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन बाजूंस उभ्या असलेल्या रापणकरांच्या दोन फळ्या, टाचा ओल्या वाळूत रोवून, अंगाचा भार मागे टाकून, उलट्या पावलांनी सरकू लागतात. सर्वांत मागचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेशी येतो व नव्याने दोर धरतो, आणि जाळे जसजसे जवळ येते तसतशा दोन्ही फळ्या एकमेकींकडे सरकत जातात. टाचेपासून मानेपर्यंतचा शरीराचा सारा मागचा भाग आणि हाताची मूठ यांना याहून उत्तम काम देणारे यंत्र कोणत्याही कारखान्यात निघालेले माझ्या पाहण्यात नाही. परंतु या कामातला भार ठरवतो कोण? तो जाळ्यात सापडलेली मासळी ठरवते, पाण्याची ओढ ठरवते, वारा ठरवतो. अंग आंबून गेलेले असेल त्याच दिवशी दोर सर्वांत जड लागतो, आणि अंगात हुशारी असेल त्या दिवशी जाळे रिकामे येते. पीक आले की बुडाले हे न पाहता ठरलेला सारा वसूल करून नेणाऱ्या अंमलदारासारखे कष्टाचे वर्तन असते. शरीराची ऐपत किती, काल त्याने किती दिले आणि उद्या किती देऊ शकेल, याचा हिशेब त्याच्या दप्तरी नसतो. व्यायामाचा आरंभच मुळी या हिशेबापासून होतो. आजच्या सामर्थ्यास पेलेल असा भार आज घ्यावा, त्या भाराची शरीरास सवय झाली म्हणजे तो किंचित वाढवावा, आणि मधल्या काळात अन्न व निद्रा देऊन शरीरास भरून येण्यास अवसर द्यावा, एवढीच काय ती बलसंवर्धनाची मूळ युक्ती. बळ नुसत्या भाराने येत नाही, ते भाराच्या क्रमाने येते.

हा क्रम आपल्याकडे फार जुना आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र विवेचन असून, त्यात मल्लांची प्रतवारी लावून त्यांच्या मेहनतीचे भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणक आणि स्तंभश्रम असे प्रकार सांगितलेले आहेत. वजन उचलणे, चालणे, पोहणे, बाहूंची झोंबी आणि खांबावरची कसरत हे पाच व्यायाम एकाच दिवशी एकाच घमेल्यात कालवावयाचे नसून त्या प्रत्येकाला स्वतंत्र स्थान व स्वतंत्र प्रयोजन आहे, ही दृष्टी आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या एका राजाने ग्रंथबद्ध करावी, याचे मला अपार कौतुक वाटते. यांतल्या सलिलश्रमाकडे मालवणच्या मुलांनी विशेष लक्ष द्यावे. चिवल्याच्या किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धांना बाहेरगावचे पोहणारे उत्साहाने येतात, आणि ज्यांच्या अंगणापर्यंत समुद्र आला आहे ती आपली मुले मात्र पुष्कळदा नुसती काठावर उभी राहून पाहतात.

पुढे समर्थ रामदासांनी मारुतीच्या देवळांच्या रूपाने बलोपासनेला धर्माचे अधिष्ठान दिले; आणि पेशवाईच्या अखेरीस नाशिककडील कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाच्या विद्येला नवसंजीवन दिले. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या दोन पहिलवानांचे आव्हान बाळंभटदादांनी पुण्यास दुसऱ्या बाजीरावासमोर स्वीकारले व त्यांच्यावर मात केली, असे परंपरा सांगते. बाजीरावाबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास गेली आणि शिष्यशाखेने काशीपर्यंत पोहोचली. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले आपले पहिले वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढील आयुष्यात मंडालेसारखा कारावास सोसण्याचे जे सामर्थ्य त्यांच्या ठायी दिसले त्याची जमा त्या एका वर्षाच्या खात्यावर मांडण्यास मला संकोच वाटत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी पहिलवानांच्या खुराकाची तजवीज सरकारातून केली, तालमींना आश्रय दिला आणि १९१२ साली कोल्हापुरास खासबागेचे विशाल मैदान पूर्ण करविले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपल्या देशी व्यायामांचे प्रात्यक्षिक जगापुढे केले. आणि या साऱ्या विद्येला कोशाचे रूप देण्याचे भगीरथ कार्य बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनी केले. १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघालेला त्यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ आज किती ग्रंथालयांच्या कपाटांत धूळ खात असेल याचा विचार मनात आला म्हणजे वाईट वाटते. कारण या विषयावर मराठीत जे जे लिहिले जाईल त्याला त्या दहा खंडांचे ऋण मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही, आणि हे पुस्तकही त्याला अपवाद नाही.

आता साधनांकडे वळू, कारण या विद्येचे खरे मर्म तिच्या साधनांत आहे. नाल म्हणजे आतून कोरलेला दगड, आणि त्या पोकळीत धरावयास ठेवलेली मूठ. हात दगडाच्या आत जातो तेव्हा बोटांच्या पेरांभोवती जागा बेताचीच उरते. मनगट जरा वाकले की पेरे दगडाच्या भिंतीला घासतात, त्यामुळे मनगट सरळ ठेवूनच नाल उचलावी लागते, आणि जो धडा शिकवण्यास वस्तादाला एरवी महिनेच्या महिने ओरडावे लागले असते तो दगड आपसूक शिकवतो. दुसरा प्रकार गळ्यात घालावयाच्या दगडी कड्याचा. त्याला गरनाळ म्हणतात, आणि ते मानेवर घेऊन बैठका मारल्या म्हणजे मांड्यांवरचा भार वाढतो, इतकेच नव्हे तर मान आणि पाठीचा वरचा भाग ताठ धरून ठेवण्याचे काम अखंड चालू राहते. लाकडी ओंडक्यात मुठी कोरून केलेला सुमतोला हा तर आजच्या बारबेलचाच देशी भाऊ होय. कुस्तीच्या हौद्यातली माती उकरणे आणि मग एका गड्याला फळीवर उभे करून ती फळी दोराने ओढीत माती सपाट करणे, हेही तालमीचे नुसते झाडलोटीचे काम नसे; ज्या पोराच्या पाठीत दम नाही त्याला वस्ताद मुद्दाम ते काम सांगे.

मुद्गलांची जोडी आणि गदा यांचे गणित मात्र निराळे आहे, आणि ते ध्यानात न घेतल्याने आजची पुष्कळ मुले त्यांना हलकी समजून बाजूस सारतात. मुद्गलाचे वजन मुठीजवळ नसते, ते मुठीपासून हात-दीड हात दूर, बुंध्याकडे असते. आणि पाठीमागे सोडलेला मुद्गल झोल घेऊन खांद्यावरून पुन्हा पुढे येतो तेव्हा तरफेच्या नियमाने त्याचा भार मनगटाला व खांद्याला त्याच्या तागडीतल्या वजनाच्या कैकपट जाणवतो. एक हात झोल घेत असता दुसऱ्या हाताचा मुद्गल छातीसमोर उभा स्थिर धरावा लागतो, म्हणजे एका बाजूस गती आणि दुसऱ्या बाजूस धारणा, असे दोन व्यायाम एकाच वेळी घडतात. गदेची सोय तर याहूनही सुंदर. दांडा लांब आणि टोकाला दगडी गोळा, त्यामुळे मूठ गोळ्याकडे सरकवली की गदा हलकी, मूठ दांड्याच्या शेवटाकडे नेली की तीच गदा जड. ज्या गरीब तालमीत एकच गदा असे, तेथे दहा वर्षांचे पोर आणि चाळिशीचा पहिलवान हे दोघेही आपापल्या ऐपतीचा भार त्या एकाच गदेतून काढीत. आजच्या व्यायामशाळेत यासाठी लोखंडी चकत्यांची मांडणीच्या मांडणी लागते.

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेतला पाहिजे. तालमीतली मेहनत म्हणजे केवळ हजारो जोर आणि हजारो बैठका, असे चित्र लोकांच्या मनात ठसलेले आहे, आणि त्याला कारण गामा पहिलवानासारख्या महामल्लाच्या रोजच्या पाच हजार बैठकांच्या कथा. १९१० साली लंडनमध्ये झ्बिस्को यासारख्या धिप्पाड मल्लाला ज्याने तासन्तास जमिनीला खिळवून ठेवले त्याच्या दमसासाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु गामा ज्या हजारांपाशी पोहोचला ते हजार आज आरंभ करणाऱ्या मुलाच्या पुढ्यात ठेवणे हे घातक आहे. संख्येने वाढतो तो दम. भाराने वाढते ते बळ. अमेरिकी लष्करातील वैद्य टॉमस डिलॉर्म याने जखमी सैनिकांच्या दुर्बल झालेल्या पायांवर प्रयोग करून १९४५ साली हाच भेद शास्त्रीय परिभाषेत मांडला, आणि जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते प्रमाण धरून पुढे क्रमाने वाढ करण्याची पद्धत घालून दिली. त्याच्याही आधी, १९०८ साली, जॉर्ज हॅकेनश्मिट या विख्यात मल्लाने आपल्या पुस्तकात क्रमशः वाढत्या वजनाचा पुरस्कार केला होता. अलीकडील संशोधनाने यात एवढीच भर घातली की, हलक्या वजनानेही स्नायू पुष्ट होतो, मात्र त्याला थकव्याच्या सीमेपर्यंत न्यावे लागते. कमाल बळ हवे असेल तर जड भाराला पर्याय नाही. गरनाळ गळ्यात घालून मोजक्या बैठका मारून घेणाऱ्या वस्तादाने ही परिभाषा ऐकली नव्हती, पण तिचा आशय तो रोज आचरीत होता.

उलट, पाश्चात्त्य ते सर्वच जड व शास्त्रशुद्ध असेही नव्हे. युजीन सँडो या पाश्चात्त्य बलवानाची हलकी उपकरणे एके काळी हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या महालांपर्यंत पोहोचली होती. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनीही ती तारुण्यात मागवून काही वर्षे निष्ठेने वापरली, आणि पुढे ती सोडून सूर्यनमस्कारांचा जो प्रसार त्यांनी केला तो इतका व्यापक झाला की सँडोचे नाव मागे पडून औंधचे नाव घरोघरी गेले. सूर्यनमस्काराविषयी माझ्या मनात आदर आहे. तरीही स्पष्ट सांगितले पाहिजे की, ज्याला देहाची भरण आणि उचलण्याचे सामर्थ्य हवे आहे त्याची गरज केवळ नमस्कारांनी भागणार नाही, कारण त्यांत भार वाढवण्याची सोय फारच थोडी आहे.

आमच्या कोकणात तालीम घाटावरच्यासारखी का रुजली नाही, याचाही विचार केला पाहिजे. करूळचा किंवा फोंड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठावयास मोटारीने फार वेळ लागत नाही. पण घाटमाथ्यावर पाऊस ओसरतो, जमीन बदलते आणि गोठ्यातली म्हैस बदलते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात कोसळणाऱ्या पावसात उघड्यावरचा हौदा टिकत नाही, लहान चणीची कोकणी गाय पहिलवानाच्या खुराकाला पुरेसे दूध देत नाही, आणि मिसरूड फुटते न फुटते तोच मुलगा मुंबईच्या गाडीत, पूर्वी बोटीत, बसतो, ही तिन्ही कारणे मला सारखीच बलवत्तर वाटतात. गंमत अशी की, गावी जे रुजले नाही ते मुंबईस रुजले. लालबाग-परळच्या चाळींतून, गिरणीची पाळी संपवून आलेल्या कोकणी चाकरमान्यांनी व्यायामशाळा चालवल्या, लाल माती भरली, मुद्गल फिरवले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या उठत गेल्या, चाळी पडून मनोरे उभे राहिले, आणि त्या व्यायामशाळांतले दगड व लाकूड कोठे गेले याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणी ठेवली नाही.

दुधाच्या अभावाचे कारण मात्र आज टिकण्यासारखे नाही, आणि याविषयी माझा आग्रह आहे. लिटरभर दुधात सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच प्रथिने पावणेदोनशे ग्रॅम बांगड्याच्या मांसातून मिळतात. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आहेत, नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आणि तारली, सुकट यांचे मोल याहून वेगळे नाही. सकाळची उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी व बांगडा, रात्री नाचणीची भाकरी असा आहार ज्या घरात परवडतो त्या घरातल्या मुलाला बदाम-थंडाईवाचून अडण्याचे कारण नाही. डब्यातल्या परदेशी भुकटीवर घरातले पैसे उधळणाऱ्या, आणि त्याही पुढे जाऊन अल्पकाळात दंड फुगवून घेण्यासाठी नाही नाही ती इंजेक्शने टोचून घेणाऱ्या मुलांविषयी मला रागापेक्षा दुःखच अधिक होते; त्यांच्या आजोबांनी ज्या ताटात जेवून समुद्र ओढला ते ताट त्यांच्या घरी अजून आहे, आणि त्यांना ते कोणी दाखवून दिलेले नाही.

काळवेळेचाही प्रश्न येथे निराळा आहे. जो माणूस दिवसभर रापण ओढतो किंवा चिरे वाहतो, त्याला संध्याकाळी पुन्हा नाल उचलावयास लावणे म्हणजे कर्जाच्या फेडीसाठी दुसरे कर्ज काढावयास सांगण्यासारखेच होय, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. म्हणून या पुस्तकात मेहनतीचा मुख्य हंगाम पावसाळ्यात धरला आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते, खवळलेल्या समुद्रात रापणही पडत नाही, चिऱ्याच्या खाणी पाण्याने भरतात. ज्यांची शेती थोडी आहे त्यांच्या हाताशी नारळी पौर्णिमेपर्यंत मोकळा वेळ राहतो. पडवीत आठ हात जागा, एक गरनाळ, एक जोडी व छपराच्या वाशाला बांधलेला दोर, एवढ्यावर आठवड्यातून तीन दिवस जड मेहनत करावी, मधले दिवस सोडावेत, आणि समुद्र खुला झाला की वजन उचलणे आठवड्यातून एका वेळेवर आणावे. नवख्याने पहिले काही महिने कोणतेही वजन घेऊ नये. साधे जोर आणि साध्या बैठका यांवरच राहावे, कारण स्नायू लवकर भरतो, पण त्याला हाडाशी बांधणारी कंडरा सावकाश बळावते, आणि तरुणपणी खांदे-कोपर दुखावून घेणारे बहुतेक जण या दोहोंच्या गतीतल्या अंतराला बळी पडलेले असतात. वस्ताद पोराला वर्ष वर्ष जोडीला हात लावू देत नसे तो हट्टापायी नव्हे.

पुढील प्रकरणांत प्रत्येक साधनाची घडण, त्याची धरण्याची रीत, भार वाढवण्याचे टप्पे आणि त्यापासून होणाऱ्या दुखापती यांचे वर्णन आहे. स्त्रियांसाठी वेगळे प्रकरण मी बुद्ध्याच केलेले नाही. तरवा लावणाऱ्या आणि डोक्यावरून मासळीची पाटी वाहणाऱ्या बाईला जे टप्पे लागू पडतात ते पुरुषांच्या टप्प्यांहून भिन्न नाहीत, आरंभीचा भार काय तो प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे ठरवावयाचा.

वाचकांपाशी एक मागणे आहे. आपल्या गावच्या मारुतीच्या देवळामागे, एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत, किंवा मुंबईच्या चाळीच्या जिन्याखाली, मूठ कोरलेला दगड अथवा बुंध्याकडे जड असलेली शिसवी लाकडाची जोडी आढळली, तर ती हलवण्यापूर्वी काट्यावर तोलावी. दगडाचा घेर, पोकळीची खोली आणि मुठीची जाडी सुतळीने मोजावी. ती वस्तू कोण वापरीत असे व कशी वापरीत असे हे गावातल्या जाणत्या माणसाला विचारून कागदावर उतरवावे, आणि तो कागद जवळच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावा. मुठीची जाडी लिहिण्यास मात्र विसरू नये. जाड मुठीची नाल पेलणाऱ्याच्या बोटांत जे बळ येई ते बारीक दांड्याच्या बारबेलने येत नाही, आणि ही मापे मुजुमदारांच्या कोशातही गावोगावची मिळत नाहीत.